समुद्राकडे तोंड केलेली मशीद

माल्विचे, १९ ऑक्टोबर १९५८

जेनिया पोरी,

आजीचा सलाम आणि उजव्या कानाला एक चिमटा. चिमटा कशाबद्दल, ते पुढे येईल.

पत्र मी सांगतेय आणि शेजारचा आमुरात लिहितोय. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. आमुरातला येतं असा त्याचा समज आहे, तेव्हा चालवून घे. शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर बांग द्यायला उभा राहतो तेव्हा कसा खणखणीत असतो, आणि लेखणी हातात आली की दर ओळीला सुस्कारा! (सुस्कारा नाही, मला सर्दी झालीय. – आमुरात)

तुझं पत्र त्याने दोनदा वाचून दाखवलं. मी म्हातारीने माल्विचे सोडून ग्दान्स्कला तुझ्याकडे राहायला यावं म्हणतेस. खोलीत नळ आहे, नळाला पाणी आहे, जिन्यात दिवा आहे. नातजावई स्तेफान गोदीत जहाजं बांधतो आणि दारूला शिवत नाही. सगळं ऐकलं. मन लावून ऐकलं.

मागच्या हिवाळ्यात मी बर्फावर आपटले हे तुला कुणी कळवलं, ते मी विचारणार नाही. या गावात लिहिता येणारी माणसं आहेतच किती! (मी कळवलं. पाऊण तास मशिदीच्या वाटेत पडून होती. – आमुरात) पडून नव्हते, आभाळ बघत होते. या वयात तेवढी मोकळीक हवी.

पोरी, तुझे आईबाप युद्धात गेले तेव्हा तू माझ्या कमरेएवढी होतीस. तेव्हापासून तुझी वेणी मी घातली, तुझे हट्ट मी पुरवले. तुझ्याशिवाय मला करमतं असं समजू नकोस. पण तू पाणी लिहिलंस, दिवा लिहिलास, बाजार लिहिलास, आणि तिथे मशीद आहे की नाही ते लिहिलं नाहीस. चिमटा त्याबद्दल. जिथे मशीद नाही तिथे मी येऊन काय करू? नळाकडे बघत बसू?

तुझी आजी,
मेरिमा


ग्दान्स्क, २ नोव्हेंबर १९५८

प्रिय आजी,

सलाम. कान अजून दुखतोय.

मशीद आहे! मी लिहायचंच विसरले. युद्धानंतर हद्दीपलीकडच्या विल्नोकडून आलेली आपली माणसं इथे बरीच आहेत, त्यांनी बांधलीय. लहानशीच आहे. लाकडी, आपल्यासारखीच हिरव्या रंगाची. मनोरा एकच आहे, दुसऱ्याला लाकूड पुरलं नाही म्हणतात. दाराशी चपला ठेवायला फळी आहे. बायकांच्या बाजूला भिंतीशी शेगडी आहे आणि तिच्याजवळची जागा मी तुझ्यासाठी आत्ताच सांगून ठेवलीय. घरापासून चालत जाता येतं, आणि रस्त्यावर बर्फ टिकत नाही, ट्राम जातात ना.

आता तरी ये. संध्याकाळी स्तेफान रात्रपाळीला गेला की घर फार शांत होतं. मी दोघींचा चहा करते आणि मग एक कप स्वतःच पिऊन टाकते.

तुझी,
जेनिया


माल्विचे, २३ नोव्हेंबर १९५८

जेनिया पोरी,

मशीद आहे म्हणतेस. बरं झालं. आता मला सांग, बायका आत कुठून जातात? पडदा कसला आहे, भिंत आहे का नुसतीच दोरी? खुतब्याचं प्रवचन ऐकताना इमाम दिसतो का, का नुसता खोकला ऐकू येतो? हे विचारते कारण मशीद म्हणजे काही नुसत्या चार भिंती नव्हेत. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुठे वाकायचं, त्याची ती सोय. ती सोय नीट असली की माणूस नीट राहतो.

आपली कशी उभी राहिली ते तुला शंभरदा सांगितलंय, पण तू अर्ध्यात झोपून जायचीस. आपल्या पूर्वजांनी पूर्वेकडून येऊन इथल्या राजासाठी घोडी दौडवली. राजाकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने ही वाळूची जमीन दिली. घोडेस्वारांना सुतारकाम कुठलं येतंय? शेजारच्या गावचे सुतार बोलावले. त्यांनी जन्मभर चर्चं बांधलेली. त्यांना बजावलं: क्रूस नको, घंटा नको, आणि दक्षिणेच्या भिंतीला एक कोनाडा काढा, मक्का तिकडे आहे, आम्ही तिकडे तोंड करून उभे राहतो. सुतारांनी मान डोलावली आणि दोन मनोऱ्यांचं सरळ चर्चच बांधून दिलं. वर टिनाची चंद्रकोर ठोकली. कोनाडा तर एवढा बाहेर काढला की रस्त्यावरून वाटावं, मशिदीला नाक फुटलंय. पूर्वजांनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, झकास. अरबस्तानातून कुणी आला तर बिचारा पत्ता विचारत पुढे जाईल. पण आपल्याला मशीद म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते, आणि परक्या गावातलं चर्च दिसलं तरी जोडा काढायला हात जातो.

आणि पडदा. आमच्या बाजूच्या भिंतीत ती आडवी फट, तिच्यावर मलमल, आणि मलमल खालून वीतभर आखूड. पुरुष सजद्याला वाकले की मला त्यांचे तळपाय दिसतात. पन्नास-साठ वर्षं मी या गावच्या पुरुषांना मोज्यांवरून ओळखते. चेहऱ्यापेक्षा खरं सांगतात मोजे. तुझ्या आजोबांना मी तसंच निवडलं. बाकीच्या पोरांच्या टाचांना भोकं, याच्या टाचेला रफू, आणि ते रफू इतकं वेडंवाकडं की कुठल्या बाईच्या हातचं नाही हे लगेच कळत होतं. (माझ्या मोज्यांबद्दल काय म्हणणं आहे ते विचारलं, तर म्हणाली, पुढचं लिही. – आमुरात)

युद्धानंतरच्या पहिल्या बैरामला, ईदच्या नमाजेला, मी त्या फटीतून पाहिलं तर मधली रांगच नव्हती. पुढे चार म्हातारे, मागे चार पोरं. तुझ्या बापाचे राखाडी मोजे मीच विणले होते.

असो. सध्या आपली मशीद झकास चाललीय. शुक्रवारी गच्च भरते, बायकांच्या बाजूला कोपर ठेवायला जागा नसते. अशी भरलेली मशीद सोडून मी तुझ्या एका मनोऱ्याच्या मशिदीत यायचं, तर मला सगळं नीट कळायला हवं. सविस्तर लिही.

आजी


ग्दान्स्क, १४ डिसेंबर १९५८

प्रिय आजी,

तू विचारलंस ते सगळं सांगते. बायकांचं दार डाव्या हाताला आहे, दोन पायऱ्या चढून. पायऱ्या बुटक्या आहेत, तुझ्या गुडघ्यांना त्रास नाही होणार. भिंत लाकडीच आहे, पडदा पांढरा, तूसुद्धा नावं ठेवणार नाहीस इतका स्वच्छ. इमाम उंच आहेत आणि खोकत नाहीत. भिंतींवर भरतकाम केलेल्या कुराणातल्या आयती लावल्यात, विल्नोच्या बायकांनी उशांच्या अभ्र्यांत लपवून आणलेल्या. लाकडाला अजून ताजा वास येतो, पावसाळी दिवसांत जास्तच.

आणि मिहराब! आपल्यासारखाच कोनाडा, पण त्यात छोटी खिडकी आहे आणि तिच्यातून समुद्र दिसतो. सगळे वाकतात तेव्हा समोर पाणी चमकत असतं. तुला फार आवडेल.

परवा बाजारात एका बाईच्या पाठमोऱ्या रुमालाला मी आजी म्हणून हाक मारली. ती वळली आणि मी बटाट्यांचा भाव विचारला.

तुझी,
जेनिया


माल्विचे, ११ जानेवारी १९५९

जेनिया पोरी,

समुद्र दिसणारा मिहराब! आमुरात ते वाचत होता तेव्हा त्याला ठसकाच लागला. खिडकीची चौकट कोणत्या रंगाची? हिरवी असेल तर शोभणार नाही, पाण्यावर हिरवा रंग मेल्यासारखा दिसतो. पिवळी करायला सांग. आणि त्या उंच इमामांना म्हणावं, बायकांच्या बाजूला एक बाक ठेवा, सगळ्याच काही तुझ्या वयाच्या नसतील. मनोऱ्याचंही मनावर घेऊ नका. एक मनोरा पुरे. आपल्या दुसऱ्यात कबुतरांशिवाय कुणी राहत नाही.

आपल्याकडे परवा शुक्रवारी फार छान खुतबा झाला. इमामसाहेब पैगंबरांच्या मदिनेतल्या मशिदीबद्दल बोलले. मातीच्या विटा, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या. पाऊस आला की छप्पर गळायचं आणि सजद्यातून उठले की पैगंबरांच्या कपाळाला चिखल लागलेला असायचा. ते त्याबद्दल कुरकुर करत नसत. बायका ऐकून रडल्या. मी रडले नाही, माझ्या शेजारच्या बाईने रडताना माझाच रुमाल घेतला होता.

तू बायकांच्या बाजूला कुणाशेजारी बसतेस, ते पुढच्या पत्रात लिही. नावं हवीत.

आजी

जेनिया, ती चहा बघायला आत गेलीय, म्हणून हे खाली बारीक अक्षरात लिहितो. तिला कळलंय. समुद्राची ओळ वाचली तेव्हा मांडीवरचं विणकाम खाली पडेपर्यंत हसली. म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात पोरीने लिहिलं होतं, उत्तरेकडून समुद्राचा वारा येतो आणि दोरीवरचे कपडे लाकडाच्या फळ्या होतात. म्हणजे मक्का राहिली पाठीमागे आणि हे सगळे स्वीडनला सजदा करतायत!" पण तुला लिहायचं नाही अशी सक्त ताकीद. का, असं विचारलं तर म्हणाली, "बांधू दे रे तिला. चांगली बांधतेय." आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

दुसरी गोष्ट. तिने सांगितलं ते मी माझ्या हाताने लिहिलंय, म्हणून मला झोप नाही. इथे काहीही गच्च भरत नाही. सप्टेंबरच्या वादळात अंगणातलं लिंडनचं झाड बायकांच्या बाजूवर कोसळलं. तालुक्याची माणसं आली आणि दारावर फळ्या ठोकून गेली. उरलीसुरली दोन घरंही पश्चिमेकडे गेली, इमामसाहेब ऑक्टोबरात मुलाकडे गेले. तो खुतबा त्यांनी चार वर्षांपूर्वी दिलेला आहे. शुक्रवारी मी ठोकलेल्या दाराबाहेर पायरीवर उभा राहून बांग देतो. मग ती येते. दुसरं कुणी येत नाही. मी पुढे सतरंजी टाकतो, ती बरीच मागे, पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी.

आली. थांबतो.


ग्दान्स्क, १ फेब्रुवारी १९५९

आदरणीय आमुरातकाका,

सलाम. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे, कृपा करून आजीला वाचून दाखवू नका.

तुमची बारीक अक्षरं वाचून मी गोदीच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि परत आले. इथे मशीद नाही. कधीच नव्हती. आजीने यावं म्हणून पहिल्यांदा लिहिलं, आणि मग थांबवेना. स्तेफान कामाला गेला की रोज संध्याकाळी मी मनातल्या मनात तिच्यात भर घालायचे. आज पायऱ्या, उद्या चटया. समुद्र तर मी स्वतःसाठीच घातला. तो कोणत्या दिशेला आहे हे मनातही आलं नाही, इतकं ते मला खरं वाटायला लागलं होतं. आजीच्या मशिदीत समुद्र नव्हता आणि माझ्या समुद्राजवळ मशीद नव्हती, एवढंच डोक्यात होतं.

इथे आपली माणसं आहेत, ते खरं. शुक्रवारी काम सुटल्यावर आमच्या खोलीत येतात. जेवणाचं टेबल जिन्यात काढून ठेवतो. कुणी वडीलधारं नाही. नमाज झाली की सगळे पटकन जोडे घालतात आणि एकमेकांकडे न बघता जातात, जणू काही चोरलंय.

पण काका, मशीद बंद आहे, माणसं गेलीत, तर ती तिथे कशासाठी राहिलीय? बर्फात दर शुक्रवारी त्याच वाटेने जायचं आणि पडलेल्या झाडाशी उभं राहायचं? पुन्हा पडली आणि तुम्ही वेळेवर पोचला नाहीत तर? तुमचं ती ऐकते. तिला समजावा.

तुमची,
जेनिया


माल्विचे, २२ फेब्रुवारी १९५९

चि. जेनिया,

अनेक आशीर्वाद. माझं ती ऐकते, हे कुणी सांगितलं तुला?

तरी विचारलं. म्हटलं, "मेरिमा, इथे आता काय उरलंय? जा की पोरीकडे." बीट सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू हाक मारतोस ना? मग कुणीतरी यायला नको? नाहीतर लोकांना वाटेल, आमुरात म्हातारपणी ठोकलेल्या दाराशी गप्पा मारतो."

आमच्या गावात बांग दिली की निदान एका घरातून एक माणूस बाहेर पडलंच पाहिजे, अशी रीत आहे. हाक रिकामी जाऊ द्यायची नाही. पूर्वी घरांच्या पाळ्या असायच्या, कापणीच्या दिवसांतसुद्धा ज्याची पाळी असेल तो विळा टाकून यायचा. आता सगळ्या पाळ्या तिच्याच.

मग मला मार्ग दिसला. परवा तिला सांगितलं, मी बैराम झाला की बियाविस्तोकला भाच्याकडे राहायला जातोय, कायमचा. तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "भाच्याकडे जिना आहे का? तुझे गुडघे बघता तळमजला माग." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ट्रंक अंगणात उन्हाला ठेवलेली.

तेव्हा बैराम होताच स्तेफानला पाठवून दे. उशीर नको, तिचं मन फिरेल. मी कुठेही जात नाही. माझी बायको इथल्या कबरस्तानात आहे आणि भाच्याला माझं घोरणं सोसत नाही. हे तिला कधीही कळू देऊ नकोस. सत्तरी ओलांडली, आतापर्यंत खोटं बोलायची वेळ आली नव्हती. वाटलं होतं जड जाईल. बोललो तेव्हा काही वाटलं नाही. ट्रंक दिसली तेव्हा वाटलं.

आमुरात


ग्दान्स्क, २६ एप्रिल १९५९

आमुरात,

सलाम. हे जेनिया लिहितेय. तुझ्यापेक्षा भरभर लिहिते आणि सुस्कारे सोडत नाही, मधूनमधून नाक मात्र ओढते.

पत्र माल्विचेच्या पत्त्यावरच पाठवतेय. भाच्याचा पत्ता तू दिला नाहीस आणि मी मागितला नाही, हे तुझ्या ध्यानात आलं का? स्तेफान ट्रंक गाडीत चढवत होता तेव्हा तुझ्या परसात बोटभर कोंब आलेले बटाटे पेरणीसाठी मांडून ठेवलेले दिसले. गाव सोडून जाणारा माणूस बटाटे लावत नाही. खोटं कसं बोलावं हे शिकायला तू माझ्याकडे चार दिवस यायला हवं होतंस.

मग मी का निघाले, असं विचारशील. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी ते हाणून पाडायचं, हे मला बरं दिसेना. शिवाय पोरगी खरंच वाळलीय. (वाळले नाहीये. – जेनिया) गप्प बस आणि लिही.

इथली हकिकत सांगते. पहिल्याच दुपारी मी खिडकीत उभी राहून सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि दिशा ठरवली. मक्का चुलीच्या भिंतीकडे निघाली. इतके महिने ही माणसं कपाटाकडे तोंड करत होती, कारण कपाट जरा बरं दिसतं. आता शुक्रवारी जेनिया चूल घासूनपुसून ठेवते. माणसं अकरा-बारा येतात. इमाम नाही, वयाने मोठा असेल तो पुढे उभा राहतो, आणि मी मागे पलंगावर. पडदा लावायचा म्हणून स्तेफान चादर घेऊन आला होता. मी म्हटलं, खोलीत पडद्याला जागा ठेवलीस तर माणसांना राहणार नाही. नमाज झाल्यावर मी दाराशी बसते आणि कुणाला जोडे घालू देत नाही. आधी चहा, मग जोडे. पहिल्या वेळी कोण कुणाचा कोण हे विचारण्यातच अंधार पडला. एकजण तर आपल्या शेजारच्या गावचा निघाला, घोडे विकणाऱ्याचा नातू. खालच्या मजल्यावरची क्रिस्तिनाबाई धपाधप आवाज होतो म्हणून झाडूने छत ठोकते. परवा तिला मांस भरलेली पापुद्र्यांची गुंडाळी नेऊन दिली. आता ती हळू ठोकते.

म्हणजे चाललंय. झावळ्यांच्या छपराखाली ज्यांचं भागलं, त्यांच्यापुढे आमची चूल काही वाईट नाही.

एकच गोष्ट नाही. भिंती पातळ, म्हणून इथे कुणी मोठ्याने बांग देत नाही. स्तेफान कानात कुजबुजल्यासारखी देतो, जणू काळ्या बाजारात साखर विकतोय. हाकेसारखं वाटतच नाही ते. म्हणून शुक्रवारी दुपारी, तुझी वेळ झाली की मी जिना उतरते आणि खाली अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी, माल्विचेच्या बाजूला तोंड करून उभी राहते. पोरगी विचारते, काय ऐकतेस? काही ऐकू येत नाही हे मलाही कळतं. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले. पण तू हाक दिलेली असणार, आणि घरातून कुणीतरी निघायला हवं. पाळी माझीच आहे.

तेव्हा तू बटाटे लाव, गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळ आणि पायरीवर उभा राहत जा. फक्त एक कर. बांग दिल्यावर लगेच नमाजेला उभा राहू नकोस. थोडा थांब. मला आता यायला वेळ लागतो.

मेरिमा